निरोप, गाडी आणि बाळंतीण

इसवी सन २०२३ या एका वर्षात जगभरात सुमारे २ लाख ६० हजार स्त्रिया गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या काही आठवड्यांत दगावल्या, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणजे दिवसाला सातशेहून अधिक. त्यांतील शंभरापैकी ब्याण्णव गरीब किंवा जेमतेम उत्पन्नाच्या देशांतील होत्या. एखाद्या खाणीत एका दिवशी सातशे माणसे मेली असती, तर दुसऱ्या दिवशी जगातील सारी वृत्तपत्रे त्याच बातमीने भरून गेली असती. ही मरणे मात्र एकेकटी, निरनिराळ्या झोपड्यांतून, रात्रीअपरात्री होतात. म्हणून त्यांचा आवाज होत नाही.

बरे, ही मरणे असाध्य रोगाची म्हणावीत, तर तसेही नाही. अतिरक्तस्राव, रक्तदाब वाढून येणारे झटके, जंतुदोष, अडलेले बाळंतपण आणि असुरक्षित गर्भपात ही त्यांची मुख्य कारणे. या प्रत्येकावरचा उपाय वैद्यकशास्त्राला फार दिवसांपासून ठाऊक आहे. रक्त थांबावे म्हणून दिले जाणारे ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत १९५३ सालीच तयार झाले. झटक्यांवरचे मॅग्नेशियम सल्फेट हे तर एक स्वस्त क्षार. उपाय आहे, बाईही आहे. मध्ये अंतर आहे. बाळंतपणानंतर रक्त वाहू लागले आणि उपचार मिळाला नाही, तर साधारण दोन तासांत जीव जाऊ शकतो. ज्या गावाहून इस्पितळ चार तासांवर, त्या गावच्या बाईला शास्त्र ठाऊक असून उपयोग काय?

हे दोन-चार तासांचे अंतर तोडण्यासाठी गेल्या तीस वर्षांत आधी बिनतारी यंत्राचा आणि मग मोबाईल दूरध्वनीचा उपयोग कसा होत गेला, याचा इतिहास आम्ही येथे सांगणार आहोत. कामगारांच्या चळवळीत आम्हांस एक सवय जडली आहे. नवे यंत्र आले की त्याची कौतुके ऐकून घ्यावयाची, पण आधी विचारावयाचे, की ते चालविणार कोण, त्याचे तास किती आणि मोबदला काय. पुढील हकीकत आम्ही त्याच डोळ्यांनी वाचली आहे.

प्रारंभ १९८५ पासून करावा लागेल. त्या वर्षी ॲलन रोझेनफील्ड आणि डेबोरा मेन या दोघांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख लिहून जगातील आरोग्य खात्यांना टोचणी लावली. 'माता आणि बाल आरोग्य' या नावाने जगभर कार्यक्रम चालतात, त्यांत बाळ दिसते, पण आई कोठे आहे, असा त्यांचा सवाल होता. दोन वर्षांनी, फेब्रुवारी १९८७ मध्ये, केनियातील नैरोबी येथे सुरक्षित मातृत्वाची परिषद भरली. वर्षाला पाच लाख माता मरतात हा त्या काळचा अंदाज त्या परिषदेमुळे जगापुढे आला. पुढे १९९४ मध्ये सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी या मरणांमागील उशिराची तीन भागांत फोड केली. मदत घ्यावी की नाही हे ठरविण्यात घरात होणारा उशीर हा पहिला. इस्पितळापर्यंत पोचण्यात होणारा दुसरा. आणि पोचल्यावर दारातच, म्हणजे डॉक्टर नाही, रक्त नाही, औषध नाही म्हणून होणारा तिसरा. वाचकांनी हे तीन उशीर ध्यानात ठेवावेत. दूरध्वनीने कोणता उशीर कमी झाला आणि कोणता झाला नाही, हे त्यांवाचून समजणार नाही.

मोबाईल येण्याआधी बिनतारी यंत्र होते. सिएरा लिओन या पश्चिम आफ्रिकेतील देशात बो नावाचा जिल्हा आहे. तेथे नव्वदीच्या प्रारंभी काही आरोग्य केंद्रांत बिनतारी संच बसविण्यात आले आणि इस्पितळाला एक गाडी देण्यात आली. केंद्रातील सेविकेने कळवावयाचे, गाडीने निघावयाचे. पूर्वी त्या भागातून महिन्याला सरासरी एकही अडलेली बाई इस्पितळात पोचत नसे. आता अडीचच्या वर पोचू लागल्या, आणि पोचलेल्यांत मरण्याचे प्रमाण शंभरात वीसवरून दहावर आले. आकडा लहान आहे, पण अर्थ मोठा. आधी जी बाई पोचत असे ती पोचेपर्यंत अर्धी मेलेलीच असे, असा त्याचा अर्थ. पुढे त्या देशात यादवी पेटली, बंडखोर त्या भागात शिरले आणि ते काम विस्कटले. बाळंतिणीच्या गाडीला रस्ता लागतो आणि रस्त्याला शांतता, ही गोष्ट आरोग्याच्या पुस्तकांत सहसा लिहिलेली नसते.

युगांडातील इगांगा जिल्ह्यात १९९६ मध्ये हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. तेथे हातातले बिनतारी संच गावच्या सुइणींना देण्यात आले. ज्या बाईला शिकलेली माणसे 'अडाणी दाई' म्हणून बाजूला सारीत, तिच्या हाती यंत्र आले. ती थेट आरोग्य केंद्राशी बोलू लागली आणि केंद्र गाडीशी. वीज नसलेल्या ठिकाणी सूर्याच्या उजेडावर घट भरले जात. तीन वर्षांत जिल्ह्यातील मातामृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, असे कार्यक्रम चालविणाऱ्यांनी नोंदविले. एका जिल्ह्याच्या अशा मोजणीवर आम्ही फार विसंबणार नाही. पण एक फरक निश्चित पडला. सुईण आणि डॉक्टर यांच्यामध्ये पूर्वी तुच्छतेची भिंत होती. यंत्रावर का होईना, ती दोघे एकमेकांशी बोलू लागली.

यानंतर मोबाईलची लाट आली. आफ्रिकेत खेडोपाडी तारेचा दूरध्वनी कधी पोचलाच नव्हता. त्यामुळे तेथे एक पायरी गाळून माणसे थेट मोबाईलवर आली. मार्च २००७ मध्ये केनियात 'एम-पेसा' सुरू झाले आणि बँकेचे तोंडही न पाहिलेला माणूस दूरध्वनीवरून पैसे पाठवू लागला. या पैशाच्या सोयीचा बाळंतिणीशी काय संबंध, ते पुढे येईल.

आता रुआंडाकडे वळू. येथे आम्हांस थोडे अधिक थांबावयाचे आहे.

रुआंडा हा आफ्रिकेच्या मध्यातील लहानसा डोंगराळ देश. हजार टेकड्यांचा देश असे त्याला म्हणतात. १९९४ मध्ये तेथे जो नरसंहार झाला, त्यात माणसांबरोबर दवाखानेही नष्ट झाले. डॉक्टर मेले किंवा परागंदा झाले. २००० सालच्या पाहणीत दर लाख जिवंत जन्मांमागे १०७१ माता मरत होत्या. टेकडीवरच्या आजाऱ्याला खाली आणावयाचे, तर चार माणसांनी वेताची झोळी खांद्यावर घ्यावयाची. 'इंगोब्यी' असे त्या झोळीचे नाव. आपल्याकडे सातपुड्याच्या पाड्यांवरून बांबूला झोळी बांधून बाळंतिणीला खाली उतरवितात, तोच प्रकार.

या देशाने दूरध्वनी आणण्याआधी तीन कामे केली. पहिले, थोडी वर्गणी भरून साऱ्या गावाने उतरावयाचा आरोग्य विमा. १९९९ पासून प्रयोग करीत करीत तो देशभर नेला. दुसरे, केंद्राने किती आणि कसे काम केले हे पाहून त्याला पैसे देण्याची पद्धत. तिसरे, प्रत्येक गावात तीन आरोग्य सेवक. तेही वरून नेमलेले नव्हेत, गावाने निवडलेले. त्या तिघांपैकी एकजण केवळ गरोदर बायका आणि नवजात मुले यांच्यासाठी. देशभरात असे सुमारे ४५ हजार सेवक उभे राहिले. २०१० पर्यंत मातामृत्यूचे प्रमाण ४७६ वर आलेले होते. म्हणजे निम्म्याहून अधिक घट झाली, तेव्हा मोबाईलचा कार्यक्रम देशात पसरलेलाही नव्हता. हा क्रम आम्ही मुद्दाम सांगत आहोत. कारण मोबाईलची कीर्ती गाणाऱ्या व्याख्यानांत तो गाळलेला असतो.

मुसांझे हा उत्तरेचा, ज्वालामुखींच्या पायथ्याचा जिल्हा. तेथील ४३२ गावांतील ४३२ सेविकांना साधे मोबाईल देण्यात आले. युनिसेफच्या मंडळींनी बांधलेली 'रॅपिड-एसएमएस' नावाची व्यवस्था त्यामागे होती. काम असे चाले. गावात कोणी गरोदर राहिली की सेविकेने ठरीव खुणेच्या अक्षरांत एक लघुसंदेश पाठवावयाचा; त्यात त्या बाईचा ओळख क्रमांक आणि शेवटच्या पाळीची तारीख. मग तपासणीचे दिवस आणि बाळंतपणाची वेळ जवळ आली, की यंत्र सेविकेला आठवण करून देई. रक्त जाऊ लागले, झटके आले, कळा लांबल्या, तर धोक्याची खूण पाठवावयाची; ती खूण आरोग्य केंद्राला, इस्पितळाला आणि रुग्णवाहिकेच्या माणसाला एकाच वेळी मिळे. संदेशाचा खर्च सेविकेच्या पदरावर नव्हता, ही बारीक गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. जेथे हा खर्च तिच्या माथी मारला जातो, तेथे निरोप कमी जातात, हे सांगायला पंडित नको.

मे २०१० ते एप्रिल २०११ या बारा महिन्यांचा हिशोब प्रसिद्ध झालेला आहे. एकूण ३५,७३४ संदेश गेले. ११,५०२ गरोदरपणांची नोंद झाली. धोक्याच्या ३६२ खुणा आल्या. आरोग्य केंद्रात होणारी बाळंतपणे शंभरात ७२ वरून ९२ वर गेली. अहवालात ही वाढ २७ टक्के म्हणून दाखविली आहे. साधा माणूस वीस म्हणेल. दोन्ही खरे, कारण बहात्तरावर वीस म्हणजे सत्तावीस टक्क्यांहून किंचित जास्तच भरतात. बोनसच्या वाटाघाटींत बसलेल्या माणसाला ही करामत नवीन नाही!

आम्ही या आकड्यांचा आणखी एक भागाकार करून पाहिला. एका सेविकेच्या वाट्याला वर्षाला सुमारे ८३ संदेश, म्हणजे महिन्याला सात. हे काम हलके वाटेल. पण प्रत्येक संदेशामागे एक टेकडी आहे. बाईच्या घरी जावयाचे, सासूशी बोलावयाचे, पाळीची तारीख आठवून घ्यावयाची, नवऱ्याची समजूत काढावयाची आणि मग तो संदेश. दूरध्वनी कंपनीच्या वहीत संदेश मोजला जातो. टेकडीची चढण कोठेही मोजली जात नाही. आणि ही सेविका पगारी नव्हे. रुआंडात या सेवकांच्या सहकारी संस्था काढल्या, कामाप्रमाणे येणाऱ्या रकमेचा मोठा भाग त्या संस्थेत जातो, त्यातून शेळ्या, डुकरे, शेती असे उद्योग चालतात. फुकट राबविण्यापेक्षा हे बरे, हे आम्ही मान्य करतो. परंतु महिनाअखेर हातात ठरावीक वेतन येणे निराळे आणि सहकारी संस्थेचा नफा होईल तेव्हा होईल हे निराळे.

मुसांझेतील सुधारणा दूरध्वनीमुळेच झाली, असे त्या एका वर्षावरून म्हणता येत नव्हते. कारण तुलनेला दूरध्वनी नसलेला जिल्हा धरलेला नव्हता, आणि विमा व केंद्रे यांची कामे त्याच वेळी चालू होती. तथापि २०१३ पर्यंत ही व्यवस्था साऱ्या देशात पोचली आणि त्यामुळे पुढे खरी परीक्षा करण्याची संधी मिळाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जिल्ह्यांचे दोन गट तपासले गेले. काही जिल्ह्यांत सेवकांना दूरध्वनीबरोबर अधिक प्रशिक्षण, देखरेख आणि साहित्य मिळाले होते. बाकीच्यांत दूरध्वनीची व्यवस्था तेवढी आली. पहिल्या गटात तपासण्या आणि केंद्रातील बाळंतपणे वाढली. दुसऱ्या गटात दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. एकच देश, एकच सरकार, एकच यंत्र. फरक होता तो यंत्र हाती धरणाऱ्या बाईला मागून मिळालेल्या आधाराचा. या विषयावर आम्ही जे जे वाचले, त्यात हा निष्कर्ष आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. आणि तो सर्वांत कमी सांगितला जातो, याचे आम्हांस नवल वाटत नाही. यंत्राची जाहिरात करता येते, देखरेखीची करता येत नाही.

रुआंडाच्या शेजारी युगांडात याच काळात निराळेच चित्र होते. देणगीदार संस्था, विद्यापीठे, कंपन्या जो तो आपापला मोबाईलचा प्रयोग घेऊन येई. एकाचे यंत्र दुसऱ्याशी बोलत नसे, अनुदान संपले की प्रयोग संपे, आणि सेविकेच्या हाती मृत दूरध्वनी उरे. अखेर जानेवारी २०१२ मध्ये युगांडाच्या आरोग्य खात्याने फर्मान काढून असे सारे नवे प्रयोग थांबविले. आधी खात्याशी मेळ घाला, मग पुढे या, असे बजावले. गरीब देशाने फुकट मिळणाऱ्या वस्तूला 'थांबा' म्हणावे, याला धैर्य लागते.

मघाशी उल्लेखिलेला दुसरा उशीर, म्हणजे वाटेचा. टांझानियातील दार-ए-सलाम येथे एक इस्पितळ आहे. बाळंतपण दिवसेंदिवस अडून राहिल्यामुळे ज्या बायकांना मूत्रमार्गाची भगेंद्रासारखी इजा होते आणि ज्यांना त्यापायी घराबाहेर काढले जाते, त्यांच्यावर तेथे विनामूल्य शस्त्रक्रिया होत असे. पण बायका येतनात. शस्त्रक्रिया फुकट होती, बसचे भाडे फुकट नव्हते! २००९ च्या सुमारास तेथील लोकांनी साधी युक्ती काढली. गावोगावच्या माहीतगार माणसाच्या मोबाईलवर भाड्याचे पैसे पाठवावयाचे, त्याने तिकीट काढून बाईला गाडीत बसवावयाचे, ती पोचली की त्याला थोडा मोबदला पाठवावयाचा. बायका येऊ लागल्या. पुढे २०१३ पासून त्याच देशाच्या सेंगेरेमा आणि शिन्यांगा भागांत याच विचारातून 'एम-मामा' नावाची व्यवस्था उभी राहिली. ११५ हा फुकट क्रमांक फिरवावयाचा. जवळ रुग्णवाहिका नसेल तर नोंदलेल्या टॅक्सीवाल्याला बोलावणे जाते आणि बाईला केंद्रात सुखरूप पोचविताच त्याचे भाडे त्याच्या मोबाईलवर जमा होते. आम्हांस ही रचना फार आवडली. येथे टॅक्सीवाल्याच्या दयाबुद्धीवर भार टाकलेला नाही; त्याच्या मजुरीची हमी दिली आहे. म्हणूनच रात्री दोन वाजता तो उठतो.

आईलाच थेट निरोप पाठवावा, अशीही एक वाट काही देशांनी धरली. दक्षिण आफ्रिकेने ऑगस्ट २०१४ मध्ये 'मॉम-कनेक्ट' सुरू केले. त्यात गरोदर बाईला आठवड्याच्या आठवड्याला सल्ला मिळे. पण तिला उलट बोलण्याचीही सोय होती, म्हणजे परिचारिका कशी वागली, औषध होते की नव्हते. अशा सोयीचा वरिष्ठांच्या हाती आसूड होईल ही भीती कोणाही कामगार कार्यकर्त्याला वाटेल. प्रत्यक्षात आरंभीच्या वर्षांत तक्रारींपेक्षा शाबासकीचे निरोप कितीतरी अधिक आले, आणि औषधांचा तुटवडा कोठे आहे तेही कळले. तिसऱ्या उशिरावर नेम धरणारा प्रयोग तो हाच.

आपल्या देशात 'किलकारी' हा कार्यक्रम प्रथम बिहारात आणि जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारच्या वतीने चालू झाला. गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांपासून मूल वर्षाचे होईपर्यंत ७२ बोलके संदेश. अक्षर न येणाऱ्या बाईलाही कळावेत असे. २०१९ पासून ते चालविण्यात मुंबईच्या 'अरमान' या संस्थेचा हात आहे. मध्य प्रदेशात त्याची काटेकोर चाचणी झाली, तेव्हा कुटुंबनियोजनाच्या साधनांच्या वापरात थोडी वाढ दिसली; केवळ अंगावर पाजण्याच्या बाबतीत फरक दिसला नाही. याचे एक कारण उघड आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील शंभरांतील ५४ स्त्रियांकडेच स्वतः वापरावयाचा मोबाईल होता. बाकीच्यांचा निरोप नवऱ्याच्या खिशात वाजतो. तो शेतावर किंवा परगावी कामाला गेलेला असतो. पहिला उशीर घरातला, असे जे १९९४ मध्ये लिहिले गेले, तो घराच्या आतच राहिला.

आता महाराष्ट्राविषयी. गरोदर बायकांच्या पोषणाच्या नोंदी ठेवण्यासाठी अंगणवाडी सेविकांना सरकारने मोबाईल दिले होते. ते थोड्याच काळात तापू लागले, बंद पडू लागले. त्यात नवे ॲप मावेना. २०२१ मध्ये आलेले 'पोषण ट्रॅकर' तर इंग्रजीत होते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी हे मोबाईल प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत करण्यास प्रारंभ केला. काही वृत्तपत्रांनी याला प्रगतीचा विरोध म्हटले. आम्ही याला त्या यंत्राचे सर्वांत प्रामाणिक परीक्षण म्हणू. मराठी शाळेत शिकलेल्या बाईने इंग्रजीत भरलेली नोंद चुकली, तर चूक तिची ठरते, पगार तिचा अडतो. ॲप करणाऱ्याला कोणी विचारीत नाही.

आशांची गोष्ट याहून वेगळी नाही. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान निघाले तेव्हापासून त्यांना 'स्वयंसेविका' म्हणतात. गरोदर बाईची नोंद त्या करतात, तपासणीला त्या नेतात, रात्री १०८ ला दूरध्वनी त्या लावतात, गाडी आली नाही तर शेजाऱ्याचा टेंपो त्या मिळवितात. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जिनिव्हा येथे भारतातील दहा लाखांवर आशांचा गौरव केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या; मानधनाबरोबर ऑनलाइन कामाची सक्ती हाही त्यांच्या तक्रारीचा विषय होता. आश्वासन मिळाले, शासन निर्णय निघेना. जानेवारी २०२४ मध्ये त्या पुन्हा बाहेर पडल्या आणि मुंबईला आझाद मैदानावर येऊन बसल्या. मार्चमध्ये आशांच्या मानधनात महिना पाच हजार रुपयांची वाढ मंजूर झाली. स्वयंसेविका हा शब्द मात्र सरकारी कागदावर होता तसाच राहिला.